नियमांनाही पुरावा हवा

बारावीनंतर कला शाखेत आलेल्या आणि मानसशास्त्र हा विषय निवडलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पुस्तकाच्या आधी नियम येतात. ७५ टक्के हजेरी हवी. वर्गात मोबाइल बंद. अंतर्गत चाचणी बुडाली तर पुन्हा घेतली जाणार नाही. असाइनमेंट उशिरा दिली तर गुण कापले जातील. कॉपी सापडली तर कारवाई होईल. शेजारच्या अर्थशास्त्राच्या आणि इतिहासाच्या वर्गातही त्याच आठवड्यात हेच नियम वाचून दाखवले जातात. मानसशास्त्राच्या वर्गावर मात्र एक जास्तीची जबाबदारी येते. माणूस कसा शिकतो, कसा विसरतो, हातातलं काम पुढे का ढकलतो, धाकाखाली कसा वागतो आणि धाक उठल्यावर कसा वागतो, हाच तर या विषयाचा अभ्यास. वर्षभर जे शिकवायचं त्याच्या विरुद्ध जाणारे नियम पहिल्याच तासाला जाहीर केले, तर विद्यार्थी त्यातून जो धडा घेतो तो पुस्तकातल्या कुठल्याही प्रकरणापेक्षा पक्का बसतो. मानसशास्त्र परीक्षेत लिहायचं असतं, जगताना वापरायचं नसतं, हा तो धडा.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, प्रथम वर्षाच्या मानसशास्त्राच्या वर्गातला प्रत्येक नियम याच विषयाच्या पुराव्यावर घासून पाहावा, त्यामागचं कारण विद्यार्थ्यांना सांगावं आणि जो नियम या कसोटीला उतरत नाही तो बदलावा. ही मागणी प्रथम वर्षापासून करण्याला कारण आहे. एफवायबीएला मानसशास्त्र घेणाऱ्यांपैकी फार थोडे पुढे समुपदेशक किंवा संशोधक होतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर वाणिज्य आणि विज्ञान शाखेची मुलंही खुला ऐच्छिक विषय म्हणून एखाद्या सत्रापुरती या वर्गात येऊ लागली आहेत. यांतले बहुतेक जण बँकेत जातील, शाळेत शिकवतील, स्पर्धा परीक्षा देतील, संसार करतील, मुलं वाढवतील. त्यांची या शास्त्राशी होणारी ही पहिली आणि बहुधा शेवटची भेट. त्या भेटीत त्यांनी काय घेऊन जावं, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या यादीइतकाच नियमांच्या कागदानेही ठरतो.

परीक्षेपासून सुरुवात करू, कारण विद्यार्थ्याचं सगळं लक्ष तिथेच लागलेलं असतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्मृतीवरचं आपलं पुस्तक १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो स्वतःच पाठ करायचा, किती वेळाने किती विसरलं ते मोजायचा. त्याला असं आढळलं की एका यादीची आदल्या दिवशी सलग ६८ वेळा उजळणी करून जो लाभ होतो, तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागलेल्या ३८ उजळण्यांनी होतो. म्हणजे मेहनत जवळजवळ निम्मी आणि फळ तेच. या गोष्टीला एक शतक उलटून गेलं. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा दुसऱ्यांदा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने तपासलं तेव्हा चित्र उलटलं होतं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

या आकड्यांमधला पाच मिनिटांचा निकाल मला सर्वांत बोलका वाटतो. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड उघडून, ‘आयएमपी’ प्रश्नांवर खुणा करून वाचत बसलेली मुलगी स्वतःला फसवत नसते. तिला तेव्हा खरोखरच सगळं येत असल्यासारखं वाटतं आणि सकाळच्या पेपरापुरतं पुष्कळसं येतही असतं. वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे कळलेलं, असा मनाचा समज होतो. याच संशोधनाच्या दुसऱ्या भागात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्या आठवणीचा भरवसा जास्त होता आणि आठवड्यानंतरची प्रत्यक्ष आठवण कमी होती. तेव्हा ‘रोज अभ्यास करा’ असं नुसतं सांगून काही साधत नाही. विद्यार्थ्याचा अनुभवच त्याला उलटं सांगत असतो. नियमाने तो अनुभव बदलायला हवा.

मग सत्राच्या शेवटी एकच मोठी परीक्षा आणि मधे एखादी उपचारापुरती चाचणी, ही रचना मानसशास्त्राच्या वर्गाला शोभत नाही. दर आठवड्याला दहा मिनिटांची छोटी चाचणी असावी. तीत पाच प्रश्न, त्यांपैकी दोन आधीच्या घटकांवरचे. गुण इतके थोडे की एक चाचणी बिघडली तर कुणाची झोप उडू नये. वह्या अदलाबदल करून वर्गातच तपासाव्यात आणि चुकलेल्या उत्तरावर तिथल्या तिथे बोलावं. अंतर्गत गुणांची तरतूद आधीच आहे, त्यामुळे यासाठी वेगळा अध्यादेश लागत नाही. लागतो तो फक्त ‘परीक्षा मोजण्यासाठी असते’ हा समज सोडण्याचा निर्णय. आठवून पाहणं हाच शिकण्याचा एक मार्ग आहे, हे या विषयाने सिद्ध केलेल्या मोजक्या भक्कम गोष्टींपैकी एक आहे. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा सर्वांत उपयुक्त ठरलेल्या दोनच पद्धती होत्या: स्वतःची चाचणी घेणं आणि उजळणीत अंतर ठेवणं. पिवळ्या मार्करने ओळी रंगवणं तळाच्या गटात गेलं.

हजेरीचा नियम जास्त गुंतागुंतीचा आहे. क्रेडे आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातून दिसलं की वर्गातली उपस्थिती आणि गुण यांचं नातं फार घट्ट आहे, प्रवेश परीक्षेतल्या गुणांपेक्षाही घट्ट. इथवर वाचून कुणीही म्हणेल की मग हजेरी सक्तीची करा. पण त्याच आढाव्यात सक्तीच्या हजेरीचा परिणाम वेगळा तपासलेला आहे आणि तो लहान आहे. जो आपणहून येतो त्याच्यात आणि यादीत नाव लागू नये म्हणून येऊन बसतो त्याच्यात फरक असतो. दोन गोष्टी एकत्र आढळतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे संशोधन पद्धतीच्या प्रकरणात आपण पहिल्या महिन्यातच शिकवतो. डिफॉल्टर यादी लावताना ते आपल्यालाही आठवायला हवं.

विद्यापीठाचा ७५ टक्क्यांचा नियम एकट्या प्राध्यापकाला मोडता येत नाही आणि मी तसं सुचवतही नाही. हजेरीचा लाभ वर्गात घडणाऱ्या गोष्टींमुळे होतो, एवढंच माझं म्हणणं. तास म्हणजे नोट्स सांगणं असेल, तर त्या नोट्स गेटाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतात आणि पहाटेच्या एसटीने तालुक्याच्या गावी येणाऱ्या मुलाने, किंवा दुपारची पाळी करून वर्गात पोहोचणाऱ्या मुलीने, तिथेच जाणं शहाणपणाचं ठरतं. वर्गात छोटे प्रयोग होत असतील, आठवड्याची चाचणी होत असेल, चुकलेल्या उत्तरावर वाद होत असेल, तर येण्याला कारण असतं. हजेरीची अपेक्षा दोन्ही बाजूंनी असते. विद्यार्थ्याने यावं आणि शिक्षकाने त्याचं येणं सार्थकी लावावं. नियमांच्या कागदावर आज फक्त पहिला अर्धा छापलेला असतो.

मोबाइलच्या नियमाचं मात्र मी ठामपणे समर्थन करेन, कारण त्याला पुरावा आहे. साना, वेस्टन आणि सेपेडा यांच्या २०१३ च्या प्रयोगात, तासाच्या वेळी लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्यांना तास कमी समजला. ज्यांच्या नजरेच्या टप्प्यात असा पडदा होता, त्यांनाही तो कमी समजला. म्हणजे या नियमाचं खरं कारण शेजारी बसलेला विद्यार्थी आहे. ‘माझं नुकसान मी करून घेतोय, तुम्हाला काय’ हा युक्तिवाद तिथे संपतो. कारण असं सांगितलं की नियमाचा सूरच बदलतो. शिक्षकाचा मान राखण्याचा प्रश्न मागे पडतो आणि सोबतच्याच्या हक्काचा प्रश्न पुढे येतो. याच विषयातला दुसरा दावा मात्र जपून करावा लागतो. हाताने लिहिलेल्या टिपणांनी लॅपटॉपपेक्षा जास्त समजतं, असं सांगणारा २०१४ चा एक अभ्यास फार गाजला, पण पुढे तो पुन्हा करून पाहिला तेव्हा निकाल तितका स्पष्ट आला नाही. शिवाय आपल्याकडे जाड इंग्रजी पुस्तक विकत घेणं न परवडणारी कितीतरी मुलं तेच पुस्तक मोबाइलवर वाचतात. म्हणून नियम असा असावा की वाचनाचा भाग असेल तेव्हा मोबाइल वर, एरवी दप्तरात.

उशिराच्या कामाचं काय? स्टील यांनी २००७ मध्ये चालढकलीवरच्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. काम नकोसं वाटणं, त्याचं फळ दूर असणं, आपल्याला ते जमेल असा भरवसा नसणं आणि मनाचा उतावळेपणा, ही चालढकलीची मुख्य कारणं त्यात पुढे आली. यांतल्या निदान दोन गोष्टी शिक्षकाच्या हातात आहेत. पंधरा पानांची असाइनमेंट सत्राच्या शेवटी एकदम मागितली, तर फळ दूर जातं आणि भरवसाही उरत नाही. तीच असाइनमेंट तीन टप्प्यांत मागितली, आधी विषय, मग एका पानाचा आराखडा, मग लेखन, तर पहिला टप्पा आठवड्यावर येतो आणि तो कुणालाही जमण्यासारखा असतो.

मुदत चुकलीच तर आज विद्यार्थ्याकडून वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं जातं. ते कसं मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्या ओळखीचा डॉक्टर आहे त्याला ते संध्याकाळपर्यंत मिळतं. ज्याला नैराश्याने अंथरुणातून उठवत नाही, किंवा जिच्या घरी वडील दारू पिऊन आले म्हणून रात्र वाया गेली, त्यांच्याकडे कागद नसतो आणि कारण सांगायची हिंमतही नसते. त्यापेक्षा प्रत्येकाला सत्रात दोन वेळा, तीन-तीन दिवसांची मुदतवाढ विनाकारण द्यावी, आणि आठवड्याच्या चाचण्यांपैकी सर्वांत कमी गुणांच्या दोन हिशेबातून वगळाव्यात. कुणी कुणाला काही सिद्ध करायला नको. शिस्त राहते, कारण सवलतीला मर्यादा आहे. प्रतिष्ठाही राहते, कारण आपलं दुःख शिक्षकासमोर मांडून ती सवलत विकत घ्यावी लागत नाही.

यातूनच मी ज्या नियमाला सर्वांत महत्त्वाचा मानतो आणि जो बहुतेक कागदांवर नसतोच, त्याकडे येतो. मानसशास्त्राच्या वर्गात कोणत्याही विद्यार्थ्याला स्वतःचं खासगी आयुष्य उघडं करायला भाग पाडलं जाऊ नये. हा वर्ग इतर वर्गांपेक्षा नाजूक असतो. ताण, कुटुंब, लैंगिकता, भीती, आत्महत्या हे इथले पाठ आहेत. ‘तुमचा एखादा अनुभव सांगा’ हा प्रश्न शिक्षक चांगल्या हेतूने विचारतात. वर्गात मात्र गावातलीच मुलं असतात, नातेवाईकही असतात आणि बोललेलं संध्याकाळपर्यंत घरी पोहोचतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत याविषयी स्वतंत्र कलम आहे. विद्यार्थ्याला लैंगिक इतिहास, झालेला छळ, घेतलेले मानसोपचार, आईवडिलांशी किंवा जोडीदाराशी असलेले संबंध, याबाबत माहिती देण्याची सक्ती, काही थोडे अपवाद सोडले तर, करता येत नाही. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या आरोग्याविषयीच्या माहितीची गोपनीयता हा तिचा हक्क मानला. तो कायदा शिकवणाऱ्या वर्गात तरी त्याचा आत्मा पाळला जायला हवा. उदाहरण हवं असेल तर कथेतल्या पात्राचं द्या, बातमीतलं द्या, काल्पनिक द्या. ‘स्वतःबद्दल लिहा’ असा प्रश्न असेल तिथे ‘किंवा दुसऱ्या कुणाबद्दल लिहा’ हा पर्याय छापलेला असावा.

याची दुसरी बाजूही नियमांत हवी. दोन महिने शिकून झाले की मुलं एकमेकांची निदानं करू लागतात: ही ‘बायपोलर’, तो ‘ओसीडी’. निदान हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि तिथपर्यंतची वाट पदवीच्या पहिल्या वर्षानंतर बरीच लांब आहे. वर्गमित्रांवर, घरच्यांवर लेबल लावायचं नाही, ही अपेक्षा पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे. शिक्षकानेही आपली मर्यादा सांगितली पाहिजे. जो आपल्याला गुण देतो तो आपला समुपदेशक होऊ शकत नाही, कारण त्या नात्यात मोकळेपणा आणि अधिकार एकमेकांच्या आड येतात. मग कुठे जायचं, हे त्याच कागदावर हवं. महाविद्यालयाचा समुपदेशक असेल तर त्याची वेळ, आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक. तो दिवसरात्र चालतो आणि फुकट आहे.

संमतीचा प्रश्नही इथलाच. महाविद्यालयात कुणी एमएचा किंवा पीएचडीचा विद्यार्थी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन येतो, शिक्षक वर्गात सांगतात ‘सगळ्यांनी भरून द्या’ आणि दहा मिनिटांत शंभर कागद जमा होतात. इथे संमती कुणी विचारलेली नसते. समोर गुण देणारा माणूस उभा असताना नकार देणं अवघड असतं. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला मिलग्रॅमचा आज्ञापालनाचा प्रयोग आपण याच वर्गात शिकवतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अधिकाराच्या अशा नात्यात असलेल्यांच्या संमतीबाबत विशेष काळजी घ्यायला सांगितलं आहे. शिवाय प्रथम वर्षाच्या वर्गात सतरा वर्षांची, म्हणजे कायद्याने अज्ञान असलेली मुलंही असतात. अमेरिकेत प्रास्ताविक मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी संशोधनात सहभाग घ्यावा अशी अपेक्षा अनेक विद्यापीठांत असते, पण तिथल्या आचारसंहितेनुसार ज्याला सहभागी व्हायचं नाही त्याला तेवढ्याच मोलाचा दुसरा पर्याय द्यावा लागतो. आपण निदान एवढं करावं: प्रश्नावली वाटली जात असताना शिक्षकाने वर्गाबाहेर जावं आणि कोरा कागद परत देणं हाही मान्य असलेला प्रतिसाद आहे असं आधी सांगावं.

आता प्रामाणिकपणा. उत्तरपत्रिकेच्या किंवा असाइनमेंटच्या माथ्यावर ‘हे काम माझं स्वतःचं आहे’ अशी सही घेण्याची पद्धत लोकप्रिय आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित विज्ञानपत्रिकेत एक निबंध आला. फॉर्मच्या सुरुवातीलाच सही घेतली तर लोक कमी खोटं बोलतात, असं त्यात म्हटलं होतं. धोरण आखणाऱ्यांनी तो निष्कर्ष उचलून धरला. २०२० मध्ये त्याच लेखकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि परिणाम मिळाला नाही. २०२१ मध्ये मूळ निबंधातली एक विदा बनावट असल्याचे पुरावे पुढे आले आणि निबंध मागे घेण्यात आला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनातच बनावट विदा निघावी, हे क्लेशकारक आहे. पण ती उघड झाली ती याच विषयातल्या काही अभ्यासकांनी आकडे पुन्हा तपासले म्हणून. ही तपासण्याची सवय हेच या शास्त्राचं धन आहे आणि आपले नियम नेमकी तीच मारतात.

तिसऱ्या वर्षाला प्रात्यक्षिकांचं जर्नल येतं. मागच्या बॅचचं जर्नल समोर ठेवून आकडे थोडे इकडेतिकडे करून उतरवणं कितीतरी ठिकाणी सर्रास चालतं. मुलं लबाड असतात म्हणून असं घडतं, असं मला वाटत नाही. प्रयोगाचा निकाल पुस्तकात दिल्याप्रमाणे ‘बरोबर’ यावा आणि तसा आला तरच गुण मिळतात, अशी त्यांची समजूत झालेली असते. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय निकाल होता, पुनर्प्रयोगांत तो ३६ टक्क्यांतच मिळाला. अपेक्षित निकालाचा मोह पदवीच्या वर्गात जितका असतो तितकाच मोठ्या विद्यापीठांतही असतो, हे त्यातून दिसलं. म्हणून प्रामाणिकपणाचा नियम पहिल्या वर्षीच वेगळ्या शब्दांत लिहावा. निकाल अपेक्षेविरुद्ध आला तरी, तो खरा आणि नीट नोंदवलेला असेल, तर पूर्ण गुण. बनवलेला निकाल, तो कितीही सुबक असला तरी, शून्य. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीबद्दलही असाच स्पष्टपणा हवा. कशासाठी ती वापरली ते लिहावं आणि दिलेल्या लेखनातल्या कुठल्याही परिच्छेदावर दोन मिनिटं तोंडी बोलता आलं पाहिजे. त्या दोन मिनिटांना कुठलाही चॅटबॉट पुरा पडत नाही.

या सगळ्यावर तीन आक्षेप येतील आणि ते दुबळे नाहीत.

पहिला असा की कारणं सांगत बसलं तर शिस्त राहणार नाही. मुलांना कारण नको असतं, धाक हवा असतो. डेसी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यावरच प्रयोग केला. सहभागींना संगणकाच्या पडद्यावर ठिपका दिसला की कळ दाबायची, असं कंटाळवाणं काम दिलं. काहींना त्याचं कारण सांगितलं, ते कंटाळवाणं आहे हे मान्य केलं आणि हुकमाची भाषा टाळली. काहींना यातलं काही मिळालं नाही. पहिल्या प्रकारच्या लोकांनी नंतर, कुणी पाहत नसतानाही, ते काम जास्त केलं आणि ते मनापासून केलं. धाकाने वर्गात शांतता मिळते, हे खरं. पण पर्यवेक्षक वर्गाबाहेर गेल्यावर काय उरतं, यावर शिक्षणाचं मोजमाप व्हायला हवं.

दुसरा आक्षेप असा की हा सगळा पुरावा परदेशी आहे. यात मोठं तथ्य आहे. हेन्रिक, हाइन आणि नोरेंझायान यांनी २०१० मध्ये दाखवलं की मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांतल्या प्रयोगांत सहभागी झालेल्यांपैकी ९६ टक्के लोक, जगाची १२ टक्के लोकसंख्या असलेल्या देशांतले होते. पण याचं उत्तर पुरावाच टाकून देणं हे नाही. कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग १९१६ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे हे शास्त्र विद्यापीठात येऊन शंभराहून अधिक वर्षं झाली आहेत. महाराष्ट्रात पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून शिक्षणात आणि ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने १९९० पासून सार्वजनिक मानसिक आरोग्यात हे शास्त्र सामान्यांपर्यंत नेलं. परदेशी निष्कर्ष इथे टिकतो का, हे पाहण्याची जागा आपल्या वर्गातच आहे. एक घटक दोनदा वाचून आणि दुसरा एकदा वाचून, एकदा आठवून शिकायचा, पंधरा दिवसांनी दोन्हींची चाचणी घ्यायची आणि आकडे फळ्यावर मांडायचे. निकाल काहीही येवो, त्या तासाला वर्गाने मानसशास्त्र केलेलं असेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. वर्गात १२० मुलं असतात आणि शिकवणारी व्यक्ती कितीतरी ठिकाणी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर असते. घेतलेल्या तासांपुरतं मानधन, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. अशा माणसाने दर आठवड्याला चाचणी काढावी, तीन टप्प्यांत असाइनमेंट वाचावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. मी सुचवलेल्या बऱ्याच गोष्टी वेळ वाचवणाऱ्या आहेत. वह्यांची अदलाबदल, वगळलेल्या चाचण्या, प्रमाणपत्रांशिवायची मुदतवाढ यांनी काम कमी होतं. पण सगळं तसं नाही आणि ते लपवू नये. अपेक्षांचा कागद विद्यार्थ्यांपुरता असू शकत नाही. संस्थेकडून शिक्षकाच्या, आणि शासनाकडून संस्थेच्या काय अपेक्षा आहेत, तेही त्याच जोमाने मांडलं पाहिजे. रिक्त पदं भरल्याशिवाय शिक्षणाच्या दर्जाबद्दल बोलणं पोकळ आहे, हे मानसशास्त्र न शिकलेल्यालाही कळतं.

तरीही सुरुवात थांबवण्याचं कारण नाही. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमासोबत एक पानाचा नमुना द्यावा. त्यावर तीन रकाने असावेत: नियम, त्याचं कारण, त्यामागचा पुरावा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तसं उघड लिहावं: ‘हा विद्यापीठाचा नियम आहे, याला संशोधनाचा आधार सापडलेला नाही.’ दृष्टिदोष असलेल्या, किंवा लेखन-वाचनात अडचण येणाऱ्या विद्यार्थ्याला लेखनिक आणि जादा वेळ मिळवण्याचा मार्ग काय, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करून त्याच पानावर सांगावं. उत्तर मराठीत लिहिलं आणि संज्ञा इंग्रजीत ठेवली, किंवा उलट केलं, तरी गुण जाणार नाहीत, हेही तिथेच छापावं. सत्राच्या शेवटी वर्गाने त्या पानावर चर्चा करावी. कोणता नियम उपयोगी पडला, कोणता जाचला, पुढच्या बॅचसाठी काय बदलावं, हे त्यांनी लिहून द्यावं आणि शिक्षकाने त्यातलं पटेल ते स्वीकारावं.

अशा वर्गातून बाहेर पडलेली मुलगी पुढे कदाचित फ्रॉइड आणि स्किनर विसरेल. पण ती कार्यालयात, शाळेत, सोसायटीत, घरात जेव्हा नियम करेल, तेव्हा तो कुणावर कसा पडेल याचा विचार करेल, कारण सांगेल आणि चुकीचा ठरला तर बदलेल. प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमाकडून याहून मोठी अपेक्षा मला ठेवता येत नाही आणि याहून लहान अपेक्षेवर आपण समाधान मानू नये.